रेनकोट माळ्यावर टाकण्याआधी...

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली, की पनवेलमध्ये पावसाळा ऑफिशियली ओव्हर! रेनकोट-छत्र्या माळ्यावर जातात. चिखलाने माखलेल्या बाइकला चार महिन्यांनी सर्व्हिसिंगचा योग येतो. ‘कर्नाळ्याला पक्षी बघायला जाऊ या’, ‘या विकेंडला अलिबाग टाकू या’ असे मेसेज ग्रुपवर फिरायला लागतात. फराळाच्या ऑर्डरी, दिवाळीची शॉपिंग, तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका... कॅलेंडर एकदम फुल्ल. त्यात पावसाला द्यायला एकही तारीख शिल्लक नसते.

आणि मग एखाद्या संध्याकाळी हार्बरच्या गर्दीत मोबाइल टिंग करतो. ‘अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, कोकण किनारपट्टीला इशारा.’ पुढच्या मिनिटाला ऑफिसच्या ग्रुपवर पहिला प्रश्न, ‘उद्या डब्ल्यूएफएच मिळेल का?’ दुसरा प्रश्न, ‘या वेळी नाव काय ठेवलंय?’ आणि मग ग्रुपमधला एक टेक्निकल मेंबर असतोच. तो म्हणतो, ‘वाऱ्याचा स्पीड फक्त ८५? अरे, एक्स्प्रेस-वेवर ८५ने गाडी चालवली तर मागचा हॉर्न मारतो!’

हसू येतं, कबूल. आपल्या कळंबोलीहून सुरू होणाऱ्या एक्स्प्रेस-वेवर ८५ म्हणजे काहीच नाही. पण बॉस, ताशी ८५ किलोमीटरच्या याच आकड्याची एक गोष्ट आपल्या दाराशी घडून गेलीय. ती ऐकली, की पुढच्या वेळी वाऱ्याच्या स्पीडआधी तुम्ही तारीख बघाल.

फयान नावाचा बुधवार

२००९चा नोव्हेंबर. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळा-कॉलेजात असतील. कन्याकुमारीच्या खालच्या समुद्रात एक साधं कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं. ९ नोव्हेंबरला ते लक्षद्वीपजवळ पोहोचलं आणि त्याचं डिप्रेशन झालं. त्याच दिवशी मुंबईत विधानसभेत आमदारांच्या शपथविधीवरून राडा झाला होता आणि सगळे न्यूज चॅनल दिवसभर तेच दाखवत होते. खाली समुद्रात काय शिजतंय, याकडे बघायला वेळ कुणाला होता?

दोन दिवसांत या डिप्रेशनचं चक्रीवादळ झालं. म्यानमारने सुचवलेल्या यादीतलं ‘फयान’ हे नाव त्याला मिळालं. आपल्या कानाला ते थेट ‘भयाण’च्या जवळचं वाटलं. बुधवारी, ११ नोव्हेंबरला मुंबईत शाळा लवकर सुटल्या, ऑफिसं रिकामी झाली. दुपारनंतर फयान अलिबाग आणि मुंबईच्या मधून किनारा ओलांडून आत शिरलं. नकाशा काढून बघा. अलिबाग आणि मुंबईच्या मधून खाडीच्या आत बोट फिरवत नेलं, की ते पनवेलवर येऊन टेकतं.

त्या वेळी वारा होता ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास. हवामान खात्याच्या भाषेत ‘चक्रीवादळ’. म्हणजे नाव मिळणाऱ्या वादळांमधली सगळ्यात खालची पायरी. त्याच्या वर ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ असं चढत चढत ‘महाचक्रीवादळा’पर्यंत जाता येतं. थोडक्यात, फयान म्हणजे नुकतंच ज्युनिअर केजीत गेलेलं वादळ. संध्याकाळपर्यंत ते जमिनीवर येऊन दमलंही. शहरात बऱ्याच जणांच्या आठवणीत तो अर्ध्या दिवसाच्या सुट्टीचा बुधवार राहिला.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडच्या किनाऱ्यावर मात्र तो बुधवार संपलाच नाही. कित्येक होड्या समुद्रात होत्या. काही बुडाल्या, काही भरकटल्या. तटरक्षक दल आणि नौदल पुढचे कितीतरी दिवस शोध घेत होते. अनेक खलाशी परतले नाहीत आणि अनेकांचे मृतदेहही मिळाले नाहीत.

मृतदेह मिळत नाही, याचा अर्थ नीट समजून घ्या. माणूस सात वर्षं बेपत्ता असला, तरच कायदा त्याला मृत मानायला तयार होतो. सरकारने खास निर्णय घेऊन वाट मोकळी केली नाही, तर तोवर मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे विमा नाही, बँकेतल्या खात्याचं काम नाही, वारसाची नोंद नाही. घरच्या बाईने कुंकू लावायचं की नाही, याचंही उत्तर नाही. ‘फक्त ८५’च्या मागे हे सगळं असतं.

आता खरा प्रश्न. एवढ्याशा वादळाने एवढं नुकसान केलं कसं? उत्तर त्याच्या ताकदीत नाही. ते आलं कधी, यात आहे.

वादळांचे दोन सीझन

फंडा सोपा आहे. चक्रीवादळाला खायला लागतं गरम पाणी. समुद्राचा वरचा थर साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून जास्त तापलेला हवा. आपला अरबी समुद्र पावसाळ्याआधी, म्हणजे एप्रिल ते जून, चांगलाच तापतो. मग मान्सून येतो, पाणी ढवळून काढतो, थोडं थंड करतो. मान्सून परत फिरला, की ऑक्टोबर हीट. आपण एसी पुन्हा सुरू करतो आणि समुद्र त्याची शेगडी. त्यामुळे वादळांचे सीझन दोन. एक पावसाळ्याच्या आधीचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा.

मग भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये वादळं का होत नाहीत? त्यासाठी दहीहंडी आठवा. गोविंदांचा थर उभा राहायचा तर खालच्या आणि वरच्या थराने एकाच जागी टिकायला हवं. पावसाळ्यात खालचे वारे नैर्ऋत्येकडून येतात आणि वर, खूप उंचीवर, ते उलट दिशेने, पूर्वेकडून जोरात वाहतात. खालच्या थराला एकाने एकीकडे ओढलं आणि वरच्याला दुसऱ्याने दुसरीकडे, तर हंडी फुटण्याआधी थर कोसळणारच. वादळाचंही तसंच. उंच उभं राहायला त्याला जमतच नाही. पावसाळा सरला, की ही ओढाताण कमी होते आणि थर पुन्हा लागायला लागतात.

तरीही आपण आजवर नशीबवान होतो. बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली, तर अरबी समुद्रात एक, असा जुना हिशेब. त्यातली बरीचशी इथून पश्चिमेला, ओमान-येमेनकडे निघून जायची. आपल्यासाठी ती पेपरातली चार ओळींची बातमी.

पण सीझनच्या शेवटी आलेल्या वादळाची एक खोड असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांच्या लाटा खाली उतरायला लागतात. वायव्येकडे निघालेलं वादळ त्यांच्या तावडीत सापडलं, की ते उजवीकडे वळतं आणि महाराष्ट्र-गुजरातच्या दिशेने येतं. फयान असंच वळलं. २०१७च्या डिसेंबरात ओखी असंच वळलं. गंमत म्हणजे हेच वारे वादळाची हवाही काढून घेतात. त्यामुळे उशिरा येणारी ही वादळं आपल्या दारात येईपर्यंत बऱ्याचदा अशक्त झालेली असतात. ओखी सुरतेच्या जवळ पोहोचेपर्यंत जवळजवळ विरून गेलं होतं.

म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या उशिराच्या वादळाचा आकडा अनेकदा छोटाच असणार. आणि तो बघून आपण हसणार. खरी गोची इथेच आहे.

समुद्राचं कॅलेंडर, शेताचं कॅलेंडर

आपल्या फोनमधलं कॅलेंडर बाजूला ठेवा. पनवेल-उरणच्या कोळीवाड्यांतलं कॅलेंडर बघा. पावसाळ्यात मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, की होड्या पाण्यात. ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्र अजून खवळलेलाच असतो. खरा धंदा सुरू होतो दसऱ्यानंतर. समुद्र शांत, हवा स्वच्छ आणि मार्केटला भाव. डिझेल, बर्फ, जाळी यांसाठी घेतलेलं कर्ज याच महिन्यांत फिटायचं असतं. त्यामुळे मोठ्या होड्या दिवसचे दिवस बाहेर असतात.

जूनमधलं वादळ येतं तेव्हा बहुतेक होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलेलं ‘निसर्ग’ आठवा. फयानपेक्षा ते कितीतरी तगडं होतं. वारा ताशी शंभरच्या वर. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरच्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा त्याने आडव्या केल्या, घरांची छपरं उडवली. रायगडची पुढची कित्येक वर्षांची कमाई एका दुपारी गेली. पण पावसाळी बंदी सुरू झालेली होती, म्हणून समुद्रात माणसं कमी होती. फयान त्याच्यापेक्षा किरकोळ. पण ते आलं तेव्हा अख्खा दर्या माणसांनी भरलेला होता.

आता पनवेल तालुक्यातल्या शेतात या. हो, कॉम्प्लेक्सच्या मागे अजून शेती आहे! ऑक्टोबरच्या शेवटी भात तयार होतं. कापायचं, दोन-तीन दिवस शेतातच उन्हात वाळू द्यायचं, मग भारे बांधून खळ्यावर न्यायचं. या दोन-तीन दिवसांत पाऊस आला तर खेळ खल्लास. कापून पडलेल्या भाताला शेतातच मोड येतात. जुलैमध्ये शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर शेतकरी खूश होतो. नोव्हेंबरात त्याच्या चौथा हिस्सा पडला, तरी तो डोक्याला हात लावून बसतो.

भात निघालं, की त्याच जमिनीतल्या ओलीवर वाल पेरला जातो. या वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आणि मडकं... म्हणजे पोपटी! पनवेलच्या आसपासच्या फार्महाउसवर जानेवारीत तुम्ही जी पोपटी पार्टी करता, तिचं गणित नोव्हेंबरच्या कोरड्या हवेवर ठरतं. हापूसचंही तेच. थंडी पडली, की आंब्याला मोहर. त्या वेळी पाऊस आला, तर झाड मोहराऐवजी पालवी फोडतं. आलेल्या मोहरावर तुडतुडे आणि बुरशी. एप्रिलमध्ये पेटीचा भाव ऐकून आपण ‘बापरे’ म्हणतो, त्याचं कारण कधीकधी डिसेंबरातल्या दोन ढगाळ दिवसांत असतं. याच दिवसांत वीटभट्टीवाल्यांच्या कच्च्या विटा उघड्यावर रचलेल्या असतात आणि कोळीवाड्यात बोंबील वाळत असतात. दोन्ही एका रात्रीच्या पावसात मातीमोल.

सगळ्यात मोठं वादळ, जे आलंच नाही

तारखेचा हा फंडा क्लिअर करणारं वर्ष म्हणजे २०१९. त्या वर्षी अरबी समुद्रात तब्बल पाच चक्रीवादळं झाली. वर्षाला सरासरी एक असताना पाच! असा रेकॉर्ड आधी फक्त १९०२ सालचा. हिंदी महासागराच्या पश्चिमेकडचं पाणी त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त तापलेलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ‘क्यार’ आलं. रत्नागिरीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास ते घोंघावत होतं. मग पश्चिमेकडे वळलं आणि २७ ऑक्टोबरला, नेमकं लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, महाचक्रीवादळ झालं. २००७च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात असं वादळ झालं नव्हतं. ते विरायच्या आत ‘महा’ नावाचं दुसरं वादळ तयार! एकाच वेळी एकाच समुद्रात दोन-दोन.

क्यारने भारताच्या किनाऱ्यावर पाऊलही ठेवलं नाही. वाऱ्याचा आकडा बघणाऱ्यांच्या हिशेबात आपण वाचलो. पण त्याच्या बाहेरच्या ढगांनी ऐन दिवाळीत कोकणात पाऊस पाडला आणि कापणीला आलेलं भात आडवं झालं. राज्यात इतरत्रही अवेळी पावसाने पिकं गेली होती. २ नोव्हेंबरला राज्य सरकारने नुकसानीसाठी दहा हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तेव्हा विधानसभेचे निकाल लागून सरकार कुणाचं यावर रोज नवा एपिसोड चालू होता. त्या गदारोळात किती जणांच्या लक्षात राहिलं, की अरबी समुद्रातलं गेल्या बारा वर्षांतलं सगळ्यात मोठं वादळ आपल्याला न शिवता आपलं भात घेऊन गेलं?

त्याच्या दोन वर्षं आधीचं ओखी तर आणखी वेगळं. २९ नोव्हेंबर २०१७ला ते श्रीलंकेजवळ तयार झालं आणि केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमारांवर अक्षरशः झडप घालून गेलं. त्यांना इशारा मिळेपर्यंत ते समुद्रात दूर पोहोचलेले होते. शेकडो माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. वाऱ्याने ढकलत आणलेल्या ६८ होड्या ९५२ मच्छीमारांना घेऊन आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. त्यातल्या ६६ होड्या केरळच्या होत्या. भाषा येत नाही, अंगावरचे कपडे तेवढे सोबत. अशी नऊशे माणसं डिसेंबरच्या थंडीत कोकणात उतरली होती.

मुंबई-ठाणे-रायगडमध्ये ५ डिसेंबरला शाळा बंद ठेवल्या. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवर राज्यभरातून आलेल्या लोकांच्या मुक्कामासाठी शिवाजी पार्कवर मंडप घातलेले होते आणि मैदानाचा चिखल झाला होता. वर्षाचा दुसरा कुठलाही आठवडा असता, तर त्या मैदानात एवढी माणसं उघड्यावर नसती. पुन्हा तेच. प्रश्न तारखेचा.

विजळी आणि एक खोटी गोष्ट

हे सगळं आजकालचंच, असं समजू नका. ८ नोव्हेंबर १८८८. ‘वैतरणा’ नावाची आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली होती. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला कौतुकाने ‘विजळी’ म्हणायचे. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ तिला वादळाने गाठलं आणि सातशेहून अधिक माणसांसकट ती गायब झाली. लग्नाची वऱ्हाडं आणि मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेसाठी निघालेली मुलं तिच्यावर होती, असं सांगतात. तेव्हाही नोव्हेंबर म्हणजे प्रवासाचा, लग्नांचा, परीक्षांचा महिना. पाऊस संपला म्हणून निर्धास्त बाहेर पडायचा महिना. त्यानंतर साठ वर्षांनी, १९४८ सालच्या नोव्हेंबरात मुंबईलाच एका वादळाने जोरदार तडाखा दिला.

उलट, इंटरनेटवर तुम्हाला एक वेगळीच गोष्ट सापडेल. ६ जून १८८२ला म्हणे मुंबईत चक्रीवादळ आलं आणि एक लाख माणसं गेली. आकडा केवढा भारी! कोलंबिया युनिव्हर्सिटीचे अॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी आणि वर्तमानपत्रं तपासली. असं वादळ झाल्याचा पुरावाच नाही. मोठा आकडा असला, की न झालेलं वादळही लक्षात राहतं. छोटा आकडा असला, की झालेलं फयानही विसरलं जातं.

समुद्र तापतोय, तारखा सरकतायत

पूर्वी अरबी समुद्र थंड आणि शांत स्वभावाचा मानला जायचा. तो स्वभाव आता बदलतोय. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९च्या नोंदी तपासल्या. त्यांच्या २०२१ मधल्या अभ्यासानुसार, अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या या काळाच्या उत्तरार्धात ५२ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात बंगालच्या उपसागरातली थोडी कमी झाली. कारण? समुद्राच्या पाण्याचं वाढतं तापमान. २०१५च्या नोव्हेंबरात ‘चपाला’ आणि ‘मेघ’ ही दोन दांडगी वादळं आठवड्याभराच्या अंतराने येमेनकडे गेली, तेव्हाच शास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या होत्या.

आता तर जुने नियमही ढिले पडतायत. ३० ऑगस्ट २०२४ला कच्छवरून समुद्रात उतरलेल्या एका डिप्रेशनचं ‘असना’ नावाचं चक्रीवादळ झालं. ऑगस्टमध्ये, जेव्हा थर लागूच नयेत अशा दिवसांत! अरबी समुद्रात ऑगस्टमधलं त्याआधीचं चक्रीवादळ होतं १९७६ सालचं. २०२५मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि दुसऱ्याच दिवशी ‘शक्ती’ हजर. कोकणच्या जिल्ह्यांना इशारे गेले. ते समुद्रातच विरलं. पण त्याच महिन्याच्या अखेरीस आणखी एक डिप्रेशन अरबी समुद्रात कितीतरी दिवस रेंगाळत राहिलं. त्याला नाव मिळण्याइतकाही वारा नव्हता. दिवाळी उलटून गेली तरी कोकणात पाऊस मात्र पडत राहिला. ज्याला नावच नाही, त्याच्यावर मिमही होत नाही. शेतातलं भात मात्र भिजतं.

पनवेलला याचं काय?

तुम्ही म्हणाल, आपण खाडीच्या पार आत. समुद्र कुठे, आपण कुठे? खरंय, पनवेलला समुद्राची लाट थेट धडकत नाही. पण आपली नवी उपनगरं खाडीच्या काठावर भराव घालून उभी राहिली आहेत. कळंबोलीसारखे भाग भरतीच्या पातळीहून खाली. म्हणून सिडकोने इथे होल्डिंग पाँड केले. भरती आली, की खाडीकडची दारं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली, की दारं उघडतात आणि पाणी खाडीत जातं. मस्त आयडिया, पण तिचा अख्खा हिशेब घड्याळावर. वादळ समुद्राचं पाणी खाडीत ढकलतं, त्याच वेळी भरती असली आणि वरून धो-धो पाऊस असला, तर ते पाणी जाणार कुठे? इथेही वाऱ्याचा स्पीड नंतर. आधी विचारायचं, भरती किती वाजता?

त्यात आता आपल्याकडे नवी मुंबईचं विमानतळ आलं, अटल सेतू आला. आपली रोजची ये-जा आता समुद्रावरून आणि खाडीकाठावरून होते. वादळाची बातमी यापुढे ‘कोकणातली बातमी’ राहणार नाही.

सगळंच काही वाईट चाललेलं नाही. २००९मध्ये किनाऱ्यापासून काही मैल आत गेलं, की मोबाइल मुका व्हायचा आणि होडीवरच्या तांडेलाला निरोप पोहोचवायचा कसा, हाच प्रश्न होता. ओखीनंतर यावर काम सुरू झालं. २०१९मध्ये ‘जेमिनी’ नावाचं छोटं यंत्र आलं. उपग्रहावरून आलेला इशारा ते मच्छीमाराच्या मोबाइलवर दाखवतं. अडचण एकच, त्यावरून उलट निरोप पाठवता येत नाही. मग एक लाख होड्यांवर दोन्ही बाजूंनी बोलता येणारे ट्रान्सपाँडर बसवायची योजना आली. तिचा शुभारंभ झाला पालघरला, ३० ऑगस्ट २०२४ला. योगायोग बघा, असनाला चक्रीवादळ म्हणून नाव मिळालं तो हाच दिवस!

इशारेही आता लवकर मिळतात. किनाऱ्याला धोका वाटला, की हवामान खातं साधारण ४८ तास आधी पहिला अलर्ट देतं, २४ तास आधी पक्का इशारा. तुमच्या-माझ्यासाठी ४८ तास म्हणजे भरपूर. पण भर समुद्रातून जाळं ओढून, डिझेलचा हिशेब करून परत यायचं तर? किंवा तीन एकरांतलं कापलेलं भात मजूर शोधून उचलायचं तर? तिथे अर्धा दिवससुद्धा सोन्याचा.

म्हणून पुढच्या वेळी टिंग वाजेल तेव्हा एवढंच करा. स्पीड बघण्याआधी तारीख बघा. आज समुद्रात कोण आहे, शेतात काय पडलंय, मैदानात कोण झोपलंय, हे स्वतःला विचारा. भरतीची वेळ बघा. बातमीत ‘मच्छीमारांसाठी सूचना’ असा भाग असतो आणि आपण तो स्क्रोल करून पुढे जातो. तो वाचा. वादळ किती मोठं आहे, हे त्यात सगळ्यात साफ कळतं. अलिबागचं बुकिंग असेल तर कॅन्सल करा, तिथल्या हॉटेलवाल्याला ‘वारा तर फक्त ८५’ असं ऐकवू नका. गावाकडे कुणाचं भात कापायचं असेल, तर त्याला फॉरवर्ड नका पाठवू, फोन करा. त्या अर्ध्या दिवसात तोच उपयोगी पडतो.

आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, ग्रुपवर ‘आलंच नाही की वादळ!’ असा मेसेज आला, तर उत्तर देण्याआधी थोडं थांबा. मासळी बाजारातल्या मावशींना विचारा, ‘सगळ्या होड्या परत आल्या का?’ त्या ‘हो’ म्हणाल्या, तर खरंच आलं नाही.